'द सी वुल्व्ज' : कोणाचे शौर्य?

युद्धपटात शौर्य कोणाच्या नावावर मांडले जाते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. १९८० सालचा 'द सी वुल्व्ज' विद्यार्थ्यांसोबत पाहिला, तेव्हा तो माझ्यापुढे उभा राहिला.

कथा खरी आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतल्या मूठभर गोऱ्यांनी 'फीबी' या बार्जवरून तटस्थ पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरात शिरून 'एहरनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला. तेथून बिनतारी संदेशाने पाणबुड्यांना ब्रिटिश बोटींची खबर जाते, असा संशय होता. जेम्स लीझरच्या १९७८ च्या पुस्तकावरून अँड्र्यू मॅकलाग्लेनने चित्रपट केला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असे नट. उतारवयातले साहेब लोक क्लबातून उठून लढाईला निघतात, हे प्रेक्षकाला आवडते, मलाही आवडले. त्यांचे धाडस मी नाकारत नाही.

पण खलाशांना जहाजापासून दूर ठेवण्यासाठी त्या रात्री वेश्यागृह फुकट खुले केले जाते. चित्रपटाला ती गंमत वाटते. वर्ग हसला. मागच्या बाकावरची विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "सर, त्या बायकांना कोणी विचारलं होतं का?" मोहीम ज्यांच्या देहावरून पुढे गेली, त्यांना सैनिक कोणी म्हटले नाही.

लाइट हॉर्समध्ये प्रवेश गोऱ्यांनाच. त्यांना युद्ध ही हौस होती. महारांची भरती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. माझे पणजोबा त्यात होते. घरात त्यांचा फोटो नाही, एक पितळी बिल्ला आहे. आमच्यासाठी ती भाकरी होती, आणि माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची जागाही.

त्याच १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली; त्यांत भूमिहीन मजूर आणि मच्छीमार फार. चित्रपटातल्या कलकत्त्यावर त्या भुकेची सावलीही नाही.

चित्रपट पाहू नका, असे मी म्हणत नाही. पाहा; फक्त त्या विद्यार्थिनीचा प्रश्न सोबत ठेवा.