फुकट आणि मोकळें

ग्रंथ लोकांपुढें ठेवणें आणि ग्रंथ लोकांच्या हातीं सोंपविणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीला औदार्य पुरतें. दुसरीला विश्वास लागतो. मराठींतील जें शिक्षणसाहित्य आज आंतरजालावर विनामूल्य मिळतें, त्याची स्तुति करतांना हा भेद बहुधा विसरला जातो. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

स्तुतीस तें साहित्य पात्र आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. १९६७ सालीं स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाचीं, म्हणजे बालभारतीचीं, पुस्तकें आज कोणासही जालावरून उतरवून घेतां येतात. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड वऱ्हाडांतल्या चांदूर बाजारसारख्या गांवीं बसून वाचतां येतात. ज्या ठिकाणाहून मोठ्या ग्रंथासाठीं अमरावतीची वाट धरावी लागे, तेथें ग्रंथ आपल्या पायांनीं दारीं आला आहे. हें काम लहान नव्हे.

परंतु त्याच चांदूर बाजारांतील एखाद्या शिक्षकाच्या जागीं आपण क्षणभर बसूं. भोंवतालीं संत्र्यांच्या बागा. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द मुलांना पाढ्यांच्याही आधीं ठाऊक. त्याला वाटतें कीं, नफातोट्याचें उदाहरण बागेच्या सौद्यावर बेतावें, धड्याखालीं वऱ्हाडी शब्दांची यादी जोडावी, मेळघाटांतून आलेल्या कोरकू मुलासाठीं त्याच्या भाषेंतील प्रतिशब्द द्यावे, आणि असें बदललेलें पुस्तक शेजारच्या शाळांनाही द्यावें. आपल्या वर्गांतल्या फळ्यावर हें सारें लिहावयास त्याला कोणाची आडकाठी नाहीं. बदललेली प्रत वाटूं म्हणतांच मात्र तो अडतो. पुस्तकाच्या आरंभींच हक्कांची सूचना असते. सर्व हक्क मंडळाचे, आणि लेखी परवानगीवांचून कोणताही भाग उचलावयाचा नाहीं, असा तिचा आशय. पुस्तक फुकट आहे, मोकळें नाहीं.

युनेस्कोच्या २००२ सालच्या सभेंत ‘मुक्त शैक्षणिक साधनें’ ही संज्ञा पुढें आली, तेव्हां तिचा अर्थ नुसतें विनामूल्य एवढाच नव्हता. साधन आपल्याजवळ ठेवणें, वापरणें, बदलणें, दुसऱ्याशीं मिसळणें आणि वाटणें, अशीं पांच अंगें तींत मानलीं जातात. त्याच वर्षाअखेर निघालेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याची कायदेशीर सोय करतात. कर्त्याचें नांव राहतें, हक्कही त्याचाच राहतो. पण इतरांना अनुज्ञा अगोदरच मिळालेली असते. एरव्हीं आपल्या कायद्याप्रमाणें कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें वाट पाहावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०१३ सालीं सुरू केलेल्या साधनसंग्रहासाठीं असाच परवाना पत्करला होता. तेव्हां ही कल्पना आपल्याला परकी म्हणतां येत नाहीं.

शिवाय या प्रश्नाचा सातशें वर्षांचा इतिहास चांदूर बाजाराच्या शेजारींच आहे. रिद्धपुरीं तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. ज्यानें जें पाहिलें-ऐकलें तें त्याच्याकडे जाऊन त्यांनीं मिळविलें. ग्रंथ एकानें लिहिला, पण तो अनेकांचा झाला. केशोबास संस्कृतांत लिहूं लागले तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें, कारण त्यामुळें पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकल्या असत्या. पुढें मूळ पोथी नाहींशी झाली, तेव्हां ती अनेकांच्या स्मरणांत होती म्हणूनच पुन्हां उभी राहिली, असें परंपरा सांगते. आणि ज्यांनीं भाषेचें दार असें उघडलें, त्याच पंथानें नंतर लिपीचें दार लाविलें! ग्रंथ भ्रष्ट होऊं नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या निघाल्या. पाठ जपले गेले हें खरें. पण बाहेरच्या वाचकाला तें वाङ्मय कित्येक शतकें परकें राहिलें, आणि न वाचलेल्या ग्रंथांविषयीं नाना प्रवाद पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं त्या लिपीची उकल केली, तेव्हां कोठें मराठी गद्याचा हा ठेवा सर्वांस दिसूं लागला.

आजच्या जालावरही एक सकळ लिपी नांदत आहे. कांहीं पुस्तकें म्हणजे पानांचीं नुसतीं छायाचित्रें. कांहीं युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेलीं. तीं डोळ्यांना दिसतात, पण त्यांत शब्द शोधतां येत नाहीं. उतारा घेऊं गेल्यास भलतींच अक्षरें उमटतात. आणि अंध विद्यार्थ्याच्या वाचक-यंत्रापुढें तीं मुकींच राहतात. याच तालुक्यांतील माधानच्या गुलाबराव महाराजांनीं (१८८१–१९१५) दृष्टि नसतां, दुसऱ्याकडून ऐकून, केवढें ग्रंथभांडार आत्मसात केलें! त्या भूमींत तरी हें वैगुण्य बोंचावें.

पुस्तकें मोकळीं केल्यास चुका शिरतील, हा आक्षेप पोकळ नाहीं. पाठ्यपुस्तकावर परीक्षा अवलंबून असते, आणि प्रमाण प्रत कोणती हें ठाऊक असलेंच पाहिजे. परंतु ती प्रत मंडळाच्या नांवानें जशीच्या तशी राहतेच. बदल कोणी आणि कोणता केला तें नमूद करण्याचें बंधन परवान्यांतच घालतां येतें. शिवाय चूक सांपडते ती अनेकांच्या डोळ्यांखालून गेल्यावर. कुलुपांत ती सुखानें राहते.

रिद्धपुरास आतां मराठी भाषा विद्यापीठ आलें आहे. तेथून निघणाऱ्या ग्रंथांच्या हक्कांच्या पानावर काय छापलें जाईल, हा प्रश्न दिसावयास लहान. पण चांदूर बाजारचा शिक्षक केवळ वाचक राहणार कीं ग्रंथास हातभार लावणार, तें त्यावर ठरावयाचें आहे. बालभारतीनेंही एखाद्या इयत्तेच्या एकाच पुस्तकानें आरंभ करावा. त्यासाठीं नवा छापखाना नको कीं मोठें अनुदान नको. त्या सूचनेच्या चार ओळी तेवढ्या बदलावयाच्या आहेत.