छताखालचे मैदान : बहुउद्देशीय क्रीडागृहाच्या इतिहासाची चिकित्सा

क्रीडागृहाचा इतिहास बहुधा कोनशिला, आसनक्षमता आणि बांधकामखर्च यांच्या आधारे लिहिला जातो. ही पद्धती अपुरी आहे. ‘बहुउद्देशीय’ या विशेषणाचा अर्थ वास्तूच्या नकाशात नव्हे, तर तिच्या वर्षभराच्या वेळापत्रकात शोधावा लागतो.

मुंबईत वरळी येथील सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाची ही वास्तू 1957 ची. दारासिंग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी ती सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. पुढे संगीताचे कार्यक्रम व समारंभ तेथे होऊ लागले. 2020 मध्ये तर तेथे कोविडच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. संकटकाळातील हा उपयोग निःसंशय स्तुत्य होता. परंतु एरवी भाडे देणारा आयोजक आणि सरावाला येणारा खेळाडू यांत अग्रक्रम कोणाचा, हा प्रश्न ‘बहुउद्देशीय’ या शब्दाआड सहज झाकला जातो.

याच वास्तूत 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. येथे वऱ्हाडचे स्मरण अपरिहार्य ठरते. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकप्रसंगी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. हुतात्मा राजगुरूंचा ज्या आखाड्याशी संबंध आला, तो हाच. अमरावतीत आधी व्यायाम आला, इमारती मागाहून आल्या. वरळीत आधी वास्तू उभी राहिली आणि तिने आपले उपयोग शोधले. हा क्रमभेद केवळ कालक्रमाचा नव्हे.

छताने खेळही बदलला. मातीची जागा मॅटने घेतली, पायात बूट आले, सामना दिव्यांच्या उजेडात आणि कॅमेऱ्यासमोर गेला. परिणामी मातीवर घडलेल्या ग्रामीण खेळाडूची परीक्षा मॅटवर होऊ लागली. दर्यापूरच्या किंवा अकोटच्या मुलाला आठवड्यातून किती तास मॅट मिळते, यावर त्याची निवड अवलंबून राहते. क्रीडागृह ही त्याच्यासाठी चैन उरलेली नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या अकोल्यात तर छताची गरज वेगळी सिद्ध करावी लागू नये.

महाराष्ट्राच्या 2001 च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा व तालुका अशा तिन्ही स्तरांवर क्रीडासंकुलांची कल्पना मांडली. धोरणाची दिशा योग्यच होती. मात्र त्याचे मूल्यमापन आजही किती संकुले बांधून झाली याच अंगाने अधिक होते. अकोल्याचे वसंत देसाई क्रीडांगण मुष्टियुद्धासाठी ओळखले जाते. ही ओळख तेथे नियमित चालणाऱ्या सरावातून आली, बांधकामातून नव्हे. जिल्हा संकुलांच्या अहवालात खर्चाच्या रकान्याशेजारी सरावाच्या तासांचा, तसेच समारंभांना दिलेल्या दिवसांचा रकाना असावा. तो आला, तरच या वास्तूंच्या इतिहासाला आवश्यक साधनसामग्री उपलब्ध होईल.