लसीविषयींच्या अविश्वासाची मीमांसा

हायडी लार्सन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींचा 'स्टक' हा इंग्रजी ग्रंथ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. गरीब देशांतील लोक लस नाकारतात तें केवळ अज्ञानानें, असा सुशिक्षितांचा एक सोयीस्कर समज आहे. त्या समजास या ग्रंथानें चांगलाच धक्का दिला आहे, आणि म्हणूनच त्यांतील एका दोषाविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

नायजेरियांतील कानो प्रांताचें उदाहरण घ्यावें. २००३ सालीं तेथील राज्यकर्त्यांनीं पोलिओची लस पाजण्याचें थांबविलें. लसीनें मुली वांझ होतात, हा पाश्चात्यांचा डाव आहे, अशी वदंता होती. सुमारें अकरा महिने बहिष्कार टिकला, आणि रोग नायजेरियाची सीमा ओलांडून पोलिओमुक्त झालेल्या अनेक देशांत पुन्हां शिरला. एवढेंच वाचणारा 'काय हे अडाणी लोक!' असें म्हणून पुस्तक मिटील. परंतु त्याच कानोंत १९९६ सालीं मेंदूज्वराची सांथ चालू असतां फायझर कंपनीनें दोनशें मुलांवर एका नव्या औषधाची परीक्षा पाहिली होती. त्यांतील अकरा मुलें दगावलीं. (तुलनेसाठीं जुनें औषध दिलेलीं मुलेंहि त्यांत होतीं, हें न्यायाकरितां सांगितलें पाहिजे.) आईबापांची संमति रीतसर घेतली होती कीं नाहीं, यावरून खटले झाले, आणि २००९ सालीं कंपनीनें साडेसात कोटी डॉलरांची तडजोड केली. वांझपणाची गोष्ट खोटी. पण जिच्या ओलाव्यावर ती रुजली ती आठवण खरी होती. पुढें २००४ सालीं इंडोनेशियांत तयार झालेली लस आणविली तेव्हां बहिष्कार उठला. लस त्याच जातीची, हात मात्र निराळा.

आतां दोष. प्रतिष्ठा आणि अविश्वास यांचा संबंध इतक्या सहृदयतेनें उकलणाऱ्या लेखिकाबाई पुढील प्रकरणांस 'वणवे', 'भावनांचा संसर्ग' अशीं नांवें देतात. वणव्याला कोणी कारण विचारीत नाहीं, तो विझवितात. लोकांच्या शंकेस रोगाची उपमा दिली कीं शंका घेणारा माणूस रोगी ठरतो, आणि त्याचें म्हणणें ऐकण्याची जरूरी उरत नाहीं. २०११ सालीं ॲबटाबाद येथें बिन लादेनचा माग काढण्यासाठीं अमेरिकेच्या हेरखात्यानें काविळीची लस टोचण्याचें सोंग उभें केलें. लस हें हेरांचें निमित्त असतें, ही त्या मुलुखांतील वदंता त्या एका प्रसंगीं तरी खरी निघाली! तिला संसर्ग कसें म्हणावें? आणि त्या सोंगाशीं कांहींएक संबंध नसलेल्या, पोलिओची लस पाजीत दारोदार हिंडणाऱ्या स्त्रिया २०१२ च्या डिसेंबरांत गोळ्यांस बळी पडल्या.

आमच्या भाषेंत रोग, देवता आणि टोचणी या तिहींसाठीं 'देवी' हा एकच शब्द चालत आला. आमच्या आज्यांना 'देवी काढून घे' म्हणणाऱ्यानें त्यांच्या श्रद्धेस संसर्ग म्हटलें असतें, तर किती दारें उघडलीं असतीं?

अज्ञानाच्या कल्पनेस छेद देणारी एक पाहणीहि येथें सांगण्याजोगी आहे. वेलकम ट्रस्टनें २०१८ सालीं केलेल्या या पाहणींत बांगलादेश व रवांडा येथील जवळजवळ सर्वांनीं लस सुरक्षित मानली, तर फ्रान्समध्यें तिघांपैकीं एकानें तें अमान्य केलें.

ग्रंथ मात्र मराठींत यावा. भाषांतरकारानें 'वणव्या'स दुसरा शब्द शोधिला तर आम्ही त्यास बोल लावणार नाहीं.