तारुण्याचा भाव उतरला

मुलांचे शब्दकोश कसे तयार होतात, याविषयी माझी एक पक्की समजूत आहे. मोठा कोश शिंप्याकडे नेतात. बापाची विजार कापून मुलाची चड्डी करावी तशी तो कात्री चालवतो, वर एक हसरा ससा चिकटवतो, की झाला बालकोश! कापड तेच, फक्त खिसे गेलेले. आणि पोरांच्या सगळ्या मौल्यवान वस्तू असतात नेमक्या खिशात.

आता आमचे रावेरच घ्या. केळीचा मुलूख. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले २०१६ साली. तिचे बाजारभाव मात्र इथे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ. नुकतेच बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरांच्या चिरंजीवांनी पेपरात वाचले, 'नवतीचे भाव उतरले.' त्याने कोश उघडला. नवती म्हणजे तारुण्य! "आजोबा, तारुण्याचे भाव का हो उतरले?" शेजारच्या आजोबांनी मोठा उसासा टाकून कोशाला दुजोरा दिला.

नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी आणि पिलबाग म्हणजे खोडाशेजारच्या पिलांवर धरलेले पुढचे पीक, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. कोश सांगत नाही.

नकाशांचेही तसेच. माझ्याजवळच्या शाळकरी नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. भुसावळला टिंब, बऱ्हाणपूरला टिंब. मधल्या रुळांवर रावेर आपण मनानेच समजून घ्यायचे. पण नकाशाला मी माफ करतो. प्रमाण छापून तो आधीच सांगतो की बाबांनो, जागा कमी आहे. बालकोश तसे कबूल करीत नाही. मग घरचा शब्द कोशात दिसला नाही, की पोर समजते आपली आईच अशुद्ध बोलते. हे काही हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

मोल्सवर्थसाहेब तर परका माणूस. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ साली दुसरी आवृत्ती. काही शब्दांवर त्याने 'हलका' असा शेरा मारला, पण त्यांना दाराबाहेर उभे केले नाही. आणि आमच्या बहिणाबाईंनी बालकोशातून शब्द निवडायचे ठरवले असते, तर खानदेशाच्या वाट्याला एक ओळ तरी आली असती का?

बालकोशकारांना विनंती एकच. शेवटची चार पाने कोरी सोडा आणि वर छापा, 'आमच्या गावचे शब्द'. बाकीचे पोरे भरतील. कागद महाग झाला म्हणता? मग ससा काढा.