खलाशासाठीं लिहिलेलें पुस्तक

शिडाच्या नौकेंतून देशोदेशीं हिंडणाऱ्या एका परदेशी मित्रास देण्याजोगें कोंकण-किनाऱ्याचें मराठी पुस्तक कोणतें, असा प्रश्न आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत विचारला. रसायनीच्या आमच्या घरांतलीं कपाटें आम्हीं धुंडाळलीं. किल्ले, देवळें, नारळीच्या वाड्या यांचीं वर्णनें भरपूर निघालीं. पण पाण्यावरून येणाऱ्यानें नांगर कोठें टाकावा, हें सांगणारें एकही पान निघालें नाहीं. शेवटीं हातीं आला तो ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेली ही बंदरांची मार्गदर्शिका आम्हीं शॉफ यांच्या १९१२ च्या इंग्रजी भाषांतरावरून वाचली. इतिहासकार तींतून व्यापाराच्या मालाची यादी वेंचतात. आम्हांस तिची भाषा अधिक मोलाची वाटते. भडोचविषयीं लिहितांना ग्रंथकार आधीं नर्मदेच्या मुखाची अवघड वाट सांगतो. राजाच्या नोकरींतले मच्छीमार लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात, परक्या गलबतांस उथळ जागा चुकवून ओढून आणतात, भरती लागतांच पुढें काढतात आणि ओहोटींत ठरलेल्या जागीं नांगरून ठेवतात. ही सारी व्यवस्था त्यानें चार वाक्यांत दिली आहे. अशा लेखनांत विशेषण चुकलें तर वाचकाची नौका रुतते. म्हणूनच त्यांत विशेषणें थोडीं आहेत.

ग्रंथास उणीव आहेच. भडोचच्या दक्षिणेस आल्यावर लेखणी आंखडते. कल्याणला व्यापारास अडथळा असून चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेत, एवढें कळतें. पुढें सेमुल्ला, म्हणजे बहुधा आपलें चौल, केवळ नांवानें येतें. शिवाय माणसें त्याला दिसत नाहींत. गलबत वांचविणाऱ्या त्या मच्छीमारांपैकीं एकाचेंही नांव त्यानें लिहिलें नाहीं.

तरी आमच्या प्रवासवर्णनांशीं ताडून पाहतां पारडें त्याच्याच बाजूस झुकतें. रसायनीजवळून वाहणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीस मिळते. खाडीच्या मुखाशीं एका तीरावर करंजा, दुसऱ्या तीरावर रेवस. तेथून मांडवा, खांदेरी-उंदेरी आणि अलिबागचा कुलाबा. शिवाजीमहाराजांनीं १६७९ सालीं खांदेरीवर तटबंदी आरंभिली आणि सिद्द्यानें समोरची उंदेरी धरली, ही कथा आमचे लेखक चवीनें सांगतात. पण त्या झुंजींत लहान मराठी होड्यांनीं इंग्रजांचीं मोठीं जहाजें चुकवून बेटावर रसद पोंचविली, ती उथळ पाण्याच्या ओळखीवर. तें पाणी वगळलें कीं इतिहासही अर्धाच उरतो. उधाण केव्हां, भांग केव्हां, गाळ कोठें चढला, गोडें पाणी आणि शीड शिवणारा कोठें मिळेल, हें रेवसच्या तांडेलास पाठ असतें. आमच्या साहित्यानें त्याला कधीं विचारलें नाहीं.

ही विद्या तोंडीं आहे, आणि कोळ्यांची मुलें नोकरीसाठीं किनारा सोडूं लागलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्यास आम्हीं कळविलें कीं, तुम्ही मागतां तें पुस्तक तुम्हीच लिहावें. महिनाभर तांडेलाच्या होडींत बसावें, तो सांगेल तेंच उतरावें, आणि त्याचें नांव पहिल्या पानावर घालावें.