रिओ ग्रांदेचे सीमास्तंभ : एक परीक्षण

नदी ही निसर्गदत्त सीमा होय, तिला निराळ्या खुणेची गरज नाहीं, असें मत इतिहासग्रंथांतून वारंवार आढळतें. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व मेक्सिको यांमधील रिओ ग्रांदे नदीचा इतिहास त्याच्या खंडनास पुरेसा आहे.

१८४८ च्या तहानें या नदीचा मध्यप्रवाह सीमा ठरला. पुढें १८८४ च्या करारानें असा भेद केला कीं, कांठ हळूहळू झिजून प्रवाह सरकल्यास सीमेनेंही सरकावें. नदीनें एकाएकीं नवें पात्र धरल्यास सीमा जुन्या पात्रांतच राहावी. बृहस्पतिस्मृतीच्या वाचकास हा भेद नवा नाहीं. नदीनें दिलेली जमीन ज्यास मिळाली त्याची. पण प्रवाहानें उभ्या पिकाचें शेत ओलांडून भूमि तोडल्यास ती पूर्वस्वाम्याची, असें तेथेंही सांगितलें आहे.

नियम न्याय्य खरा. परंतु जुनें पात्र कोठें होतें, हें सांगणार कोण? १८६४ च्या पुरानंतर एल पासोजवळील चामिसाल भूमीचा वाद याच प्रश्नावर अडला. १९११ सालीं लवादानें १८६४ चें पात्र ही विभागरेषा ठरविली. तें पात्र आतां सांपडणें अशक्य, असेंही कारण देऊन संयुक्त संस्थानांनीं निवाडा नाकारला. १९६३ सालीं तडजोड झाली, तेव्हां सुमारें ५,६०० लोकांस घरें सोडावीं लागलीं.

१९०५ च्या करारानें मात्र योग्य मार्ग धरला होता. वळण तुटून अलग पडलेले, २५० हेक्टर व २०० वस्तीच्या मर्यादेंतील भूखंड ज्या तीरास लागले त्या देशास द्यावे, रहिवाशांचे मालकीहक्क राखावे, आणि नदीनें सोडलेल्या पात्रावर स्तंभ उभारावे, असें त्यांत ठरलें. हे स्तंभ विलक्षण खरे; कारण ते सीमा कोठें आहे तें न सांगतां, कोठें होती तें सांगतात. अशा स्तंभास चालू सीमा समजणारा संशोधक फसेल, हें उघड आहे. तरी यांतच त्यांचें मोल आहे, असें आमचें मत आहे.

सीमेविषयीं लोकांचा नित्य भ्रम होतो, हें जाणूनच मनूनें आठव्या अध्यायांत अस्थि, तुष, भस्म, खापऱ्या इत्यादि न कुजणाऱ्या वस्तु सीमेवर पुरून ठेवण्यास सांगितलें. नदी आपली खूण आपणच पुसते. सबब नदीच्या सीमेस खूण कमी नव्हे, अधिकच लागते. आणि ती वाद उपस्थित होण्यापूर्वीं लागते.