अंगालगतचं अत्तर

डिसेंबरात शिरोळला वासांची कमतरता नसते. गळीत हंगाम भरात असतो, दत्त कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि संध्याकाळी वारा पडला की मळीचा आंबूस-गोड वास घरादारांत येऊन बसतो. त्यात फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर. नरसोबाच्या वाडीला गेलं तर कापूर, धूप, अष्टगंध आणि पेढे-बासुंदीसाठी आटणारं दूध. इतके सगळे एकदम बोलत असताना आपणही अंगाला चमेली चोपडून त्या गलक्यात भर घालायची, हे मला कधी पटलं नाही. माझ्या मते या भागात रोज लावायला शोभतं ते कस्तुरीच्या वळणाचं अत्तर, व्हाइट मस्क.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात अत्तरं मिळतात. तिथल्या एका विक्रेत्यानं बाटलीच्या बुचाची काचेची काडी माझ्या मनगटावर टेकवली. मी लगेच नाक पुढं केलं, तसा म्हणाला, "आत्ता नको ताई. घरला जावा, चार कामं करा, मग बघा." मस्कचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. मोगरा, खस, गुलाब पहिल्या श्वासातच आपलं नाव सांगून मोकळे होतात. मस्क सांगत नाही. पहिल्या मिनिटाला थोडं गोडसर, थोडं साबणासारखं काहीतरी येतं आणि लगेच हरवतं. पैसे फुकट गेले असं वाटायची हीच वेळ. पंधरा-वीस मिनिटांनी अंगाची ऊब लागली की ते उठतं, पण तेव्हाही त्यात फूल, फळ, लाकूड असं बोट ठेवण्यासारखं काही सापडत नाही. नुकतंच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूला नाक लावल्यावर जे येतं, त्याच्या आसपासचं ते असतं. संध्याकाळपर्यंत त्यातला गोडवा ओसरतो आणि मागं राहतो तो जवळजवळ त्वचेचाच वास, फक्त दिवसभराचा शीण काढून टाकलेला. दुसऱ्या दिवशी तो सुती ओढणीत सापडतो. सिंथेटिक कापडावर मात्र मला तो कोरडा आणि उपरा वाटतो. इचलकरंजीच्या सुती कापडाच्या इतक्या जवळ राहून मस्क पॉलिस्टरवर लावणं हा कपाळकरंटेपणा.

या संथपणाला रसायनशास्त्रात साधं कारण आहे. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार १३६, तर कस्तुरीतल्या मस्कोनचा २३८. जड रेणू सावकाश उडतो, म्हणून उशिरा जाणवतो आणि उशिरापर्यंत राहतो. अत्तरं बनवणारे मस्क तळाला घालतात ते याचसाठी. वरची फुलं त्याला धरून टिकतात. व्हाइट मस्कमध्ये वरचं सगळं काढून टाकलेलं असतं. मैफल संपल्यावर तानपुराच तेवढा चालू ठेवावा, तसा हा प्रकार आहे. पुष्कळांना तो अपुरा वाटतो. मला तोच आवडतो.

हिन्याशी तुलना केली की हे जास्त कळतं. आपल्याकडं दत्तसंप्रदायात हिना अत्तराला मान आहे. वाडीला येणाऱ्या कितीतरी भक्तांच्या पिशवीत त्याची बाटली असते. हिना भारदस्त. मसाले, मुळ्या, माती, थोडा धूर असं त्यात बरंच काही असतं, आणि ते लावून माणूस खोलीत शिरला की त्याच्या आधी वास शिरतो. देवापुढं, लग्नात, हळदीकुंकवाला हे योग्यच आहे, कारण तिथं सुगंध हा मानपानाचा भाग असतो. हाताच्या पालथ्या बाजूला अत्तर लावायचं, वर गुलाबपाणी शिंपडायचं, म्हणजे आलेल्या पाहुण्याची नोंद झाली. पण सकाळच्या जयसिंगपूर एसटीत, खांद्याला खांदा लागलेला असताना, हिना म्हणजे शेजाऱ्यावर लादलेली सोबत. मस्क हातभर अंतरापलीकडं जात नाही. ज्याला कळायला हवं तो तेवढा जवळ असतोच.

आता या सालस वासाची कुळकथा. मूळ कस्तुरी हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीतली. कच्ची कस्तुरी उग्र असते, जनावराची आठवण करून देणारी. तिचा अंश अगदी विरळ केला तरच ती मोहक होते. तिच्यापायी इतकी हरणं मारली गेली की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या प्राण्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलं. त्याच्या कितीतरी आधी, १८८८ साली, आल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनज्ञ टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करत होता. त्याच्या हाताला लागलेल्या एका पदार्थाला कस्तुरीसारखा वास आला आणि कृत्रिम मस्कचा धंदा सुरू झाला. खऱ्या कस्तुरीतला मस्कोन १९०६मध्ये वेगळा काढला गेला. त्याची रचना, म्हणजे पंधरा कार्बनचं एक मोठं कडं, १९२६ साली लिओपोल्ड रुझिचका यांनी उलगडली. इतकं मोठं कडं टिकूच शकणार नाही, असा तोवरचा समज होता. रुझिचका यांना १९३९मध्ये नोबेल मिळालं. वनस्पतींतही असा वास आहे. आपल्या भेंडीच्या कुळातल्या कस्तुरी भेंडीच्या बियांत तो सापडतो, आणि मला विचाराल तर सगळ्या मस्कांत तोच सर्वांत रसाळ आहे, किंचित फळाकडं झुकणारा.

व्हाइट मस्कला 'स्वच्छ' हे विशेषण चिकटलं ते मात्र यातल्या कशामुळंही नाही. ते चिकटवलं धुण्याच्या पावडरीनं. १९६०च्या दशकात गॅलेक्सोलाइड नावाचं स्वस्त मस्क तयार झालं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, धाग्याला धरून बसतं, चार पाण्यांतून खळबळून काढलं तरी उरतं. साबण आणि पावडर करणाऱ्यांना असंच काही हवं होतं. पुढं घरोघरी दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांना तोच वास येऊ लागला आणि दोन-तीन पिढ्यांच्या नाकात मस्क आणि धुतलेलं कापड यांची गाठ पक्की बसली. हरणाच्या ग्रंथीपासून निघालेला वास माणसांना निर्मळ वाटू लागला. मला या उलटापालटीची गंमत वाटते, कारण शिरोळ तालुक्यात स्वच्छतेला दुसराही एक वास आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर घरांत गुडघाभर गाळ होता. भिंती खरवडून, फरशा घासून, शेवटी टीसीएल पावडर आणि फिनेल मारलं तेव्हा घर स्वच्छ झालं असं सगळे म्हणाले. तो वास नाकात झोंबणारा, दवाखान्याची याद देणारा. घाण मारली गेली, एवढंच तो सांगतो. मस्कमधली स्वच्छता निवांत माणसाची असते, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, घाई नसलेल्या माणसाची. पूरग्रस्त घरात ती यायला बरेच महिने लागले.

एक अडचण नव्यानं लावणाऱ्याला माहीत हवी. मस्कचे मोठे रेणू सगळ्यांच्या नाकाला सारखे कळत नाहीत. एखादा विशिष्ट मस्क काहींना अजिबात येत नाही, बाकी सगळे वास नीट येत असूनही. शिवाय ज्यांना येतो त्यांचंही नाक थोड्या वेळात सरावतं. मग माणूस समजतो की अत्तर उडालं, आणि आणखी लावतो. शेजारचा बिचारा सहन करतो. अशा वेळी स्वतःच्या मनगटाला विचारू नये, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. बहुतेक वेळा उत्तर "येतोय की" असंच मिळतं.

या अत्तराबद्दल माझ्या मनात एकच कुसळ आहे, आणि ते नदीकाठी राहणाऱ्याला जरा जास्तच टोचतं. गॅलेक्सोलाइडसारखे मस्क ज्या चिवटपणानं कापडात टिकतात, त्याच चिवटपणानं पाण्यातही टिकतात. युरोपातल्या नद्यांत, माशांत, आईच्या दुधातही ते सापडले आहेत. आमची पंचगंगा वरून येतानाच पुष्कळ काही घेऊन येते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि त्याची दुर्गंधी या तालुक्यानं पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्याला कारण कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, मस्क नव्हे. तरी पुढं वाडीला कृष्णेत मिसळणाऱ्या त्या पाण्यात आपणही रोज बादलीभर सुवास ओततो हे खरंच. मनगटावरच्या काडीभर अत्तराचा त्यात वाटा नगण्य. खरा वाटा धुण्याचा. म्हणून मी अत्तर ठेवलं आणि वासाची पावडर बंद करायचं ठरवलं. जयसिंगपुरात दुकानदाराकडं बिनवासाची मागितली. त्यानं फळीवरच्या सगळ्या पुड्या खालीवर केल्या आणि म्हणाला, "वासच नको? मग कपडे धुतले हे कळणार कसं?"